झेंड्याखालचं गाऱ्हाणं

सुमन, माझी बायको, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टाकळा निवडणं. पडवीत मधोमध सूप, अलीकडे मी, पलीकडे ती. बाहेर पाऊस लागून होता. टाकळ्याची कोवळी पानंच घ्यायची असतात, जून पान शिजत नाही. मी जून पानंही सुपात टाकत होतो आणि ती काही न बोलता उचलून बाजूला काढत होती. बेचाळीस वर्षं हे असंच चाललेलं.

त्या सुपावर आमचं भांडण झालं. मी उठून गेलो. भाजी झाली, जेवलो, पण एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घाम फुटला, छातीला हात लावून खालीच बसली. रिक्षात घातली. तालुक्याच्या गावी पोचायच्या आधीच तिची मान माझ्या खांद्यावर पडली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि घड्याळ बघितलं, बस.

भांडण अर्धं राहिलं. ते कशावरून होतं हे सांगितलं तर लोक हसतील. शाळेतल्या प्रतिज्ञेवरून.

मी आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलात एकतीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण सातवी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. सुमन त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. हा दिवाळी अंक काढणारे सर म्हणाले, नाना, नोकरीतल्या गमती लिहा. गमती आहेत, नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात आत्ता एकच गोष्ट आहे, तीच लिहितो. गमती वाटेत येतील तेवढ्या येतील.

शिपायाचं काम बाहेरच्याला घंटा वाजवण्याचं वाटतं. घंटा सोपी. रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी दांडा मारायचा. कठीण काम झेंड्याचं. झेंड्याची घडी घालायची, घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या, दोरीने अशी गाठ मारायची की वर चढवताना सुटता कामा नये आणि वर गेल्यावर एका झटक्यात सुटली पाहिजे. पंधरा ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे भर पावसाचा दिवस. सुती दोरी भिजली की फुगते, गाठ आवळते. पाहुणे खालून ओढतात आणि वर घडी तशीच लटकते. सगळं गाव वर बघतं, नंतर सगळं गाव शिपायाकडे बघतं. माझ्या दुसऱ्याच वर्षी असं झालं. खांबावर चढून मी दातांनी गाठ सोडली. तेव्हापासून दोरी आदल्या दिवशी चुलीच्या वर टांगून सुकवायची आणि गाठीच्या जागी मेण चोळायचं. पुढे एकदाही अडकली नाही. निवृत्त झालो तरी झेंडा बांधायला मलाच बोलावत. नवीन शिपाई ठेक्यावरचा, त्याला वर्षभराने तरी ठेवतील की नाही हे त्यालाच ठाऊक नाही, तो मेण कशाला चोळेल?

झेंड्यानंतर प्रतिज्ञा. उजवा हात समोर ताठ धरायचा आणि म्हणायचं, ‘भारत माझा देश आहे’. एक वर्ष पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते. म्हणाले, आज मी सांगतो प्रतिज्ञा. माईक घेतला, दोन वाक्यं झाली आणि गाडी थांबली. घाम पुसायला लागले. मी खांबामागे दोरी धरून उभा होतो. तिथून पुढचं वाक्य हळूच सांगितलं. मग त्यांनी एक वाक्य म्हणायचं, माझ्याकडे कान करायचा, मी पुढचं द्यायचं. अशी पार पडली. जाताना मला म्हणाले, “शिकलेलो दिसतस रे.” मी म्हटलं, “व्हय साहेब. रोज शिकतंय. प्रार्थनेक, अकराक पाच कमी आसताना.”

माझं दुसरं काम गावाचं. आमच्या घराकडे रवळनाथाच्या देवळातला गाऱ्हाण्याचा मान आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात काहीही व्हायचं असलं, लग्न असो, नवी होडी पाण्यात घालायची असो, की आधी नारळ ठेवून देवापुढे सगळं बोलून दाखवायचं. असा असा विषय आहे म्हाराजा, लेकरांची चूकभूल पदरात घे म्हाराजा. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं. म्हणणाऱ्याचा आवाज लागतो, आणि तो मानाचा माणूस लागतो. कोणीही उठून म्हणून चालत नाही. माझा आवाज चांगला आहे. त्याचा मला गर्व होता, आणि तोच नडला.

देवापुढच्या शपथेचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. निवडणूक आली की उमेदवार वाडीला देवळात नेतात. नारळावर हात ठेव आणि सांग, मत मलाच. घरचा बाप हात ठेवतो. दोन दिवसांनी दुसरा उमेदवार येतो, त्यालाही नाही म्हणवत नाही, पुन्हा हात ठेवतो. मग एक दिवस माझ्या अंगणात येऊन उभा. “नाना, दोघांक शब्द दिलंय. देव कोपात. कायतरी सोडवा.” मग मी गाऱ्हाणं घालून शपथ सोडवायची. एका निवडणुकीला आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांच्या शपथा मी सोडवल्या. त्यात एक बाई अशी होती की तिने हात ठेवतानाच मला निरोप पाठवला होता, उद्या सोडवायला येते. शाळेतली प्रतिज्ञा सोडवायला मात्र कोणी कधी माझ्याकडे आलं नाही. म्हणजे ती सगळे पाळतात असं नाही. पण तिच्या भीतीने कोणाची झोप गेली नाही, आणि कोणी कोणाला तिच्यात बांधूनही घातलं नाही.

हे सगळं माहीत असून मी चूक केली. यंदाच्या सव्वीस जानेवारीची गोष्ट. शाळेचं पन्नासावं वर्ष सुरू झालेलं. झेंडा सुरेख उघडला, पाकळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर पडल्या. प्रतिज्ञा झाली. माईक चालूच होता आणि मी त्याच्या शेजारी. कुठून सुचलं कोण जाणे, मी खणखणीत आवाजात सुरू केलं, “बा देवा रवळनाथा, आज ह्या शाळेक पन्नासावा वर्स लागला म्हाराजा...” सगळं मैदान ओरडलं, “व्हय म्हाराजा!” पोरांना तर मजाच. टाळ्या पडल्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, “नाना, ह्याच व्हया होता. नुसती प्रतिज्ञा म्हणजे अळणी. पंधरा ऑगस्टाक प्रतिज्ञाच गाऱ्हाण्यात घालुया.”

मी हो म्हटलं. नुसतं हो म्हटलं नाही, दोन ओळी बसवूनही दिल्या. रवळनाथाक साक्ष ठेवन, भारत माझा देश आहे म्हाराजा. व्हय म्हाराजा. आप्पांनी मोठा फलक छापायला टाकला.

घरी आलो तर सुमनने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “हलिमा काय म्हणी होती, ऐकलात?”

हलिमा म्हणजे तिच्याबरोबर खिचडी शिजवणारी. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली. दोघी वीस वर्षं एका चुलीवर.

“काय म्हणी होती?”

“कायएक म्हणी नव्हती. हात खाली केल्यान आणि टोप घासूक गेली.”

“मग झाला काय? तिका कोणी जबरदस्ती केल्यान?”

सुमन गप्प राहिली. ती गप्प राहिली की तिचं म्हणणं पटलं असं मी धरून चालायचो. सहा महिने तसंच धरलं. मग ऑगस्टात फलक छापून आला, मी तो घरी आणला आणि भिंतीला टेकून उभा केला. ती टाकळा निवडत होती. मीही बसलो. तिने फलक वाचला. तिचं शिक्षण चौथी, बोट ठेवून वाचायची.

“ह्या तुमी म्हणतलात?”

“मीच. दुसरो कोण म्हणतलो?”

“नका म्हणू.”

“कित्या? देवाचा नाव घेतल्यार तुका काय चावता?”

“देवाचा नाव देवळात घेवा. मी काय सांगतंय तां ऐका. मी शाळेत लागलंय तेव्हा चाळीस वर्सांची. म्हयन्याचे चार दिवस मी देवळाच्या पायरेखाली उभी रवाय. तुमी वर गाऱ्हाणा घालतास, मी खाली पावसात. पण शाळेत माका कोणी इचारूक नाय, बाये तुझो आज कितवो दिवस. झेंड्याखाली मी सगळ्यांच्या वांगडा, बरोबरीन उभी. तेवढी एक जागा होती. थंय पण तुमी देव आणून बसवलात, मग बायल माणसान खंय उभा रवाचा?”

मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला रोज सुचतं. तेव्हा मी हसलो. म्हटलं, “तुका आता खंय ते दिवस येतत गो? म्हातारी झालस. तू खुशाल उभी रव.”

तिने हातातली काडी सुपात टाकली. “तुमका माझीच एकटेची गोष्ट कळली? पोरी नाय आसत थंय? हलिमा नाय?”

मी उठलो. ते शेवटचं.

मुंबईहून मुलगा आला, महेश. त्याने अग्नी दिला, तो क्रियेला बसला. सगळ्या भावकीला सुतक. पंधरा ऑगस्ट बरोबर सातव्या दिवशी येत होता.

चौथ्या दिवशी हलिमा आली. पडवीच्या खालीच बसली, वर ये म्हटलं तरी आली नाही. साखर-चहापूड आणली होती. मग मीच म्हटलं, “हलिमा, तुका त्या दिवशी राग इलो?”

“राग कसलो, नाना? तुमी माका भायर काढूक नाय. पण माझ्याकडे दोनच वाटो ठेवलात. व्हय म्हणान खोटा बोलाचा, नायतर गप रवान सगळ्यांत वेगळा दिसाचा. त्याच्या आधी बगा, वीस वर्सां, मी काय वेगळी दिसलंय?” पदराने नाक पुसलं. “सुमन म्हणी होती, मी तेंका सांगतंय, तेंची समजूत घालतंय. घातली काय तिणा?”

मी म्हटलं, “घालत होती.”

चौदा तारखेला दुपारी मी शाळेत गेलो. सुतकी माणूस देवळात जात नाही, लग्नामुंजीत जात नाही. शाळेत जायला बंदी नाही. मनात दोनच गोष्टी होत्या. दोरी सुकवायला न्यायची, आणि मोठ्या बाईंना सांगायचं की गाऱ्हाणं मी घालणार नाही. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या आणि आप्पा खांबापाशीच उभे होते. खांबाच्या बुडाशी चुन्याने चौकोन आखलेला, मध्ये पाट. मी दोरीला हात घालायला गेलो.

“नाना, नाना, थांबा!” आप्पा आडवे आले. “हात लाव नकात. सुतकात आसात तुमी.”

“झेंड्याक सुतक लागता?”

“झेंड्याक नाय. पण उद्या हंय रवळनाथाचो नारळ ठेवतले. गाऱ्हाणा आसा. तुमीच तर सुरू केलात.”

“तांच सांगूक इलंय. गाऱ्हाणा घालू नकात.”

“तुमी नाय घालणास, माका ठावक आसा. तुमच्या भावकीतलो पण कोण चालाचो नाय. मीच घालतंय.”

“तुमका मान नाय.”

“शाळेत मान कसलो, नाना? शाळा म्हणजे काय देऊळ?”

“मग नारळ कित्या?”

आप्पांचा चेहरा लाल झाला. माणूस वाईट नाही. शाळेचा रंगमंच त्याने स्वतः उभा करून दिलाय, मुलांच्या वह्या तो देतो. पण मैदानात पोरं झाडलोट करत होती, त्यांच्या समोर शिपायाने उलट विचारलेलं त्याला लागलं. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. म्हटलं, “बाई, तुमी सांगा. प्रतिज्ञा पुस्तकात छापलेली आहे तशी म्हणायची, की नारळासकट?”

बाई कोल्हापूरकडच्या. म्हणाल्या, “नाना, याबाबत वरून काही परिपत्रक नाही.” आणि खाली बघायला लागल्या.

आप्पा मग आवाज उतरवून म्हणाले, “वाद नको नाना. तुमचा दुख माका कळता. उद्या येवा, पण फाटकाच्या भायर उभे रवा. थंयसून सगळा दिसता.”

एकतीस वर्षं ते फाटक सकाळी मी उघडलं होतं. त्या फाटकाच्या बाहेर उभं राहायला मला सांगत होते, आणि ते सांगण्याची सोय मीच करून दिली होती. माझ्याच तोंडचं गाऱ्हाणं. मी रवळनाथाला सव्वीस जानेवारीला तिथे आणला नसता तर मला कोणी अडवलं नसतं. बायको गेलेला माणूसही झेंड्याखाली उभा राहून देश माझा आहे म्हणू शकला असता. घरी येताना चिखलात दोनदा घसरलो. सुमनला काय सांगायचं होतं ते मला तेव्हा कळलं. पावसात पायरीखाली उभं राहणं म्हणजे काय ते तिला तरुणपणीच कळलं होतं. मला साठी उलटल्यावर कळलं, तेही अंगावर आलं तेव्हा.

महेश क्रियेला बसलेला, कोपऱ्यातल्या चटईवरून त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, “बाबा, यंदा जाव नका. लोक नावां ठेवतले. पुढच्या वर्सा जावा.”

“पुढच्या वर्सा तुझी आई भांडाक येतली?”

त्याने चटई सारखी केली. मग म्हणाला, “जावन करतलास काय?”

मला खरंच माहीत नव्हतं.

सकाळी सातला आंघोळ केली. शाळेचा जुना पांढरा शर्ट घातला. पाऊस थांबला होता. फाटकाशी पोचलो तर आत मुलं रांगेत उभी, पालक, पाहुणे सगळे आलेले. फाटकाबाहेर मी एकटा. नवीन शिपाई आतून माझ्याकडे बघत होता, त्याला फाटक लावू की नको ते कळत नव्हतं. आप्पांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, माईक हातात घेतला. पाटावर तांदळाची रास, त्यावर नारळ, अगरबत्ती पेटलेली.

आप्पांनी तोंड उघडलं, “बा देवा...”

मी आत गेलो. सरळ चालत गेलो, कोणी अडवलं नाही, कारण कोणाला वाटलंच नाही की मी थांबणार नाही. पाटापाशी वाकलो आणि नारळ उचलला. डाव्या काखेत धरला. उजवा हात खांबाला लावला.

रवळनाथाच्या नारळाला सुतकाचा हात मी जाणूनबुजून लावला. माझ्या बापाने, आज्याने असं केलं नसतं. दिवाळी झाली की मानकऱ्यांची बैठक आहे, माझा गाऱ्हाण्याचा मान ठेवायचा की काढायचा यावर. काढला तर मी भांडणार नाही.

“नाना!” आप्पांचा आवाज माईकमधून साऱ्या गावाला ऐकू गेला. “सुतकाचो हात!”

“व्हय. सुतकाचोच.”

“दुसरो नारळ आणा रे कोणतरी!”

“खुशाल आणा. नारळांक हंय काय तोटो? पण सुतक पाटाक लागला, जाग्याक लागला, खांबाक लागला. धुवन घेवा, शिंपून घेवा, बारावो दिवस होऊ दे, मगे गाऱ्हाणा घाला. आज देव ह्या जाग्यार येवचो नाय.”

“आणि झेंडो? झेंड्याचा काय केलात तुमी?”

“झेंड्याक कायएक होणा नाय आप्पा. ओढा दोरी.”

कोणीतरी मागे हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. आप्पा उभेच. एक म्हातारे मानकरी पुढे आले, पाटाकडे बघितलं, माझ्या काखेतल्या नारळाकडे बघितलं आणि मान हलवत मागे गेले. त्यांनी मान हलवली म्हणजे गाऱ्हाणं संपलं. आता शिव्या मिळणार असं मला वाटलं. तेवढ्यात मोठ्या बाईंनी पुढे होऊन आप्पांच्या हातातून माईक घेतला.

“शाळा, सावधान!”

आप्पांनी टॉवेल काढला आणि दोरी ओढली. गाठ एका झटक्यात सुटली. नवीन शिपायाने चांगली बांधली होती, हे मला लिहिलंच पाहिजे.

प्रतिज्ञेसाठी मी खांबापाशी थांबलो नाही. स्वयंपाकाच्या पत्र्यापाशी बायका उभ्या राहतात तिथे गेलो. हलिमाने थोडं सरकून जागा केली. नारळ ठेवायला कुठे जागा नव्हती, तो काखेतच होता. उजवा हात समोर ताठ केला. सगळ्या मैदानाबरोबर म्हटलं, भारत माझा देश आहे. पुढची वाक्यं म्हटली, आवाज फुटला तरी म्हटली. हलिमाही म्हणत होती, तिचा आवाज इतका चिरका असेल असं मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. आम्हा दोघांच्या मध्ये एका बाईची जागा रिकामी होती, ती कोणी भरली नाही.

संपल्यावर पाहुणे चहाला गेले. मला कोणी बोलावलं नाही, मीही थांबलो नाही. फाटकाकडे निघालो तर हलिमा मागून आली.

“नाना, त्या नारळाचा काय करतलात? देवाक परत दिवक येवचो नाय, पोरांक वाटूक येवचो नाय.”

“बगूया.”

“माका दिया. तुमचा सुतक आमका लागणा नाय.”

मी दिला.